दोन बॅटऱ्या, एक मीटर

थिंकपॅड टी४८० या लॅपटॉपमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक आत बसवलेली, २४ वॅट-तासांची, आणि दुसरी खालून काढता येणारी. लिनक्सवर कॉन्कीचा (डेस्कटॉपवर मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम) बॅटरी-मीटर लावताना बॅटरीचं नाव दिलं नाही, तर तो 'बॅट०' म्हणजे आतली धरतो. बाहेरची आधी संपत असल्यामुळे तासभर काम करूनही मीटर १०० वरच बसून राहतो.

मग दोन्हींच्या टक्क्यांची सरासरी काढायचा मोह होतो. आतली २४ ची पूर्ण भरलेली आणि बाहेरची ७२ ची १० टक्क्यांवर असेल, तर सरासरी येते ५५. प्रत्यक्षात शिल्लक आहे २४ अधिक ७.२, म्हणजे ९६ पैकी ३१.२ वॅट-तास. साडेबत्तीस टक्के! ५५ च्या भरवशावर चार्जर घरी ठेवून निघालात, तर फसलात.

म्हणून बेरीज स्वतःच करावी. 'सिस'मधल्या 'क्लास', त्यातल्या 'पॉवर_सप्लाय' फोल्डरमध्ये प्रत्येक बॅटरीचं एक फोल्डर असतं. (नावं इथे देवनागरीत आहेत, मशीनवर ती रोमन लिपीतच लिहायची.) दोन्हींचे 'एनर्जी_नाऊ' (आत्ताची शिल्लक) मिळवा, त्याला १०० ने गुणा आणि मग 'एनर्जी_फुल'च्या (पूर्ण भरल्यावरची क्षमता) बेरजेने भागा. गुणाकार आधी, कारण बॅश (लिनक्सवर आज्ञा चालवणारा प्रोग्राम) अपूर्णांक टाकून देतो. आधी भागलंत तर बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या नसताना उत्तर शून्यच. हे आकडे मायक्रो-वॅट-तासांत असतात, तेव्हा वॅट-तास हवे असतील तर दहा लाखांनी भागा.

काही लॅपटॉपांत 'एनर्जी'ऐवजी 'चार्ज' नावाच्या फाइली असतात आणि आत्ताचा खप सांगणारी 'पॉवर_नाऊ' ही फाइल नसतेच. तिथे 'करंट_नाऊ' आणि 'व्होल्टेज_नाऊ' यांचा गुणाकार करायचा. दोन्ही मायक्रोमध्ये असल्यामुळे भागायचं एकावर बारा शून्यांनी. १२,५०,००० गुणिले १,१४,००,००० म्हणजे १४.२५ वॅट.

माझ्या मते मीटरवर टक्क्यांच्या शेजारी हा वॅटचा आकडा हवाच. उरलेला वेळ म्हणजे शिल्लक भागिले आत्ताचा खप, त्यामुळे तो आकडा सारखा नाचतो: ३० वॅट-तास शिल्लक असताना खप ६ वॅट असेल तर पाच तास, व्हिडिओ सुरू होऊन १५ झाला की दोनच. वॅट दिसले की निदान कारण तरी कळतं. 'एनर्जी_फुल' आणि 'एनर्जी_फुल_डिझाइन' (बॅटरीची मूळ क्षमता) यांचं गुणोत्तरही एकदा बघून ठेवा. बॅटरी किती झिजली ते त्यातून कळतं.

मीटरचा रंग बदलण्यासाठी त्याच फोल्डरमधली 'स्टेटस' फाइल वाचताना एक गंमत होते. लहान-मोठी अक्षरं न बघता ग्रेपने (मजकूर शोधणारी आज्ञा) 'चार्जिंग' शोधलं, तर ते 'डिस्चार्जिंग'मध्येही सापडतं आणि बॅटरी उतरत असतानाही पट्टी हिरवी राहते. पूर्ण शब्दच ताडून बघा. 'नॉट चार्जिंग' हीही वेगळी अवस्था आहे. चार्जिंगची मर्यादा ८० वर ठेवली असेल, तर चार्जर लावलेला असताना ती दिसू शकते, म्हणून तिला लाल रंग देऊ नका.

मीटर दर सेकंदाला ताजा करण्यात अर्थ नाही, ३० सेकंद पुरेत. बॅटरी मोजणाऱ्यानेच बॅटरी खाऊ नये. आणि लॉगिननंतर कॉन्की डेस्कटॉपच्या आधी उठून वॉलपेपरखाली गाडला जात असेल, तर ऑटोस्टार्टच्या ओळीत 'उणे पी १०' घाला. दहा सेकंद थांबून तो वर येईल.