एपीके उघडल्यानंतरचे दोन तास

व्हॉट्सॲपवर निरोप: घोडबंदर रोडवर सिग्नल तोडला, चलान सोबत. सोबत ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. नौपाड्यातल्या माझ्या सासऱ्यांनी ती इन्स्टॉल केली, मागेल ती परवानगी दिली आणि थोड्याच वेळात खात्यातून ४९,००० गेले. “मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही,” असं ते म्हणत राहिले, आणि ते खरंच होतं. एसएमएसची परवानगी मिळाली की असं ॲप ओटीपी स्वतःच वाचून पुढे पाठवतं.

सगळ्यात आधी फोनचं नेट तोडलं. फ्लाइट मोडमध्येही वायफाय चालू राहू शकतं, ते वेगळं बंद करावं लागतं. सिम काढून जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. बँकेचे एसएमएस आता तिथे येणार होते.

मग माझ्या फोनवरून १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, आणि बायकोच्या फोनवरून त्याच वेळी बँक. १९३० वर खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, विचारतात. यूपीआयचा असेल तर तो १२ आकडी असतो. आमची पाच मिनिटं इथेच गेली, कारण एसएमएस त्या ॲपने पुसले होते. शेवटी लॅपटॉपवर नेटबँकिंगच्या स्टेटमेंटमध्ये आकडा सापडला. तो मिळताच नेटबँकिंगही बंद करायला सांगितलं. यूपीआय आणि कार्ड आधीच बंद झालं होतं. बँकेकडून तक्रार क्रमांक मागून घेतला आणि वेळ लिहून ठेवली. ही वेळ फार महत्त्वाची: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चूक ग्राहकाची असली, तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं.

पुढे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर स्क्रीनशॉट जोडून तक्रार पूर्ण केली. ३१,००० होल्ड झाले. होल्ड म्हणजे पैसे समोरच्या खात्यात अडकले, आपल्याकडे आले नव्हेत. त्यासाठी तक्रार क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात खेटे आहेतच.

फोनमधून ॲप निघेना, अनइन्स्टॉलचं बटण फिकट दिसत होतं. कारण त्याने डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर ताबा ठेवण्याचा अधिकार घेतला होता. फोन सेफ मोडमध्ये (त्यात बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत) चालू करून सेटिंग्जमध्ये तो अधिकार आणि ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची, बटणं दाबायची परवानगी) बंद केली, तेव्हा निघालं. तरीही फोटो कॉपी करून फॅक्टरी रीसेट केलंच. ॲप्सचा बॅकअप मात्र परत घेतला नाही. फोन ॲपच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग तपासलं, कारण काही ओटीपी फोन करूनही सांगितले जातात. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी काही नाही ना तेही बघितलं आणि व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावला. तोवर तीच फाइल सासऱ्यांच्या नावाने सोसायटीच्या ग्रुपवर गेली होती.

खरं चलान पाहायला फाइल लागतच नाही. महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन वर गाडीचा क्रमांक आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले. सिग्नलचं काही निघालं नाही. राम मारुती रोडवरच्या नो पार्किंगचं मात्र निघालं.