हातचा एक

आमच्या बॅचला (१९९४) गणिताला जे सर होते त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, पण ऑफ तासाला नऊ एक गुणिले नऊ एक करून ज्यांचे हात मोडले त्यांना बरोबर कळेल.

तर १११११११११ ला १११११११११ नं गुणायचं. म्हणजे तीच ओळ एकेक घर सरकवत नऊ वेळा लिहायची, वहीचं अख्खं पान जायचं आणि माझ्या ओळी हमखास तिरक्या. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी, पूर्ण वर्ग, उलटसुलट कसंही वाचा सेम. (आता दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर टाकलं तर नुसता एरर.) सर म्हणाले असल्या संख्यांना डेमलो म्हणतात, हे नाव ठेवलं देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या कापरेकर मास्तरांनी, मुंबईकडच्या एका रेल्वे स्टेशनवरून. ६१७४ ला ज्यांच्या नावावरून कापरेकर स्थिरांक म्हणतात ते हेच. एम.एस्सी. वगैरे काही नाही, साधे शाळामास्तर, आणि १९७५ ला सायंटिफिक अमेरिकन मासिकात गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं.

मग म्हणाले अंकांची बेरीज करा. ८१. आणि ८१ नं त्या अख्ख्या संख्येला पूर्ण भाग जातो! कारण १११११११११ ला ९ नं भागलं की १२३४५६७९ येतात (यात ८ नाही बघा), मग वर्ग केला की ९ चे ८१ होणारच. अशा संख्येला हर्षद म्हणायचं, हेही कापरेकरांचंच.

इथं मी तोंड घातलं. म्हटलं सर, दहा एक घेतले तर मधे १० येणार, सोप्पंय, करायचं काय त्यात. सर चूक म्हणाले नाहीत, नुसता खडू दिला.

मधल्या रकान्यात दहा एक आले. शून्य लिहिलं, हातचा एक. शेजारी नऊ, त्यात हातचा, परत दहा, परत शून्य. पुढचा आठ, त्याचा झाला नऊ. १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब, उलटं वाचलं तर भलतंच. मागच्या बेंचवरून कोणीतरी ओरडलं "आठ खाल्ला रे यानं", तेव्हापासून मी आठ्या, गेट-टुगेदरला अजून बायकोसमोर आठ्याच म्हणतात.

याची बेरीज ८२. भाग जातो का बघायच्या आत घंटा झाली. सायकलवरून घरी जाताना डोक्यात आलं की संख्या विषम आणि ८२ सम, मग भागायचं कशाला, जाणारच नाही! दुसऱ्या दिवशी पळत स्टाफरूममध्ये. सर चहा पीत होते, बशीतनं मान वर न काढता म्हणाले, "बरं. आता अकरा एकांचं कर."

केलं. १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. डावीकडचा ८ त्यातही नाही.