पन्नास की पस्तीस? वाई-मेणवलीला एक रोल

फिल्म कॅमेऱ्याला एकच लेन्स ठेवायची तर ५० एमएम की ३५ (आकडा लहान तितकं जास्त चित्रात मावतं), हा वाद घरी बसून सुटत नाही. म्हणून थंडीत एकदा दोन्ही पिशवीत टाकल्या (५० ची एफ १.८, ३५ ची एफ २.८; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो), ४०० आयएसओचा (म्हणजे कमी उजेडातही बऱ्यापैकी चालणारा) ब्लॅक अँड व्हाइट रोल भरला आणि स्वारगेटहून पहाटेची वाईची एसटी पकडली.

ढोल्या गणपतीपाशी ५० ने लगेच हात टेकले. घाटावरून बघावं तर एक तर कळस कापला जातो नाहीतर पायऱ्या, आणि मागे सरकायला कृष्णेचं पाणी. पुराचा लोंढा फुटावा म्हणून देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय. ती नीट दिसायला मला पलीकडच्या काठावर जावं लागलं. अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा: कॅमेरा आडवा धरला तर ३५ मधे जितकं अंतर तितकीच रुंदी मावते. दहा मीटरवरून दहा मीटर. ५० मधे त्याच जागेवरून जेमतेम सात.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर, चालत गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यात मात्र ५० ने बदला घेतला. माजघरातल्या अंधारात एफ १.८ ला कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर १/६० सेकंद दाखवत होता, म्हणजे हातात धरून फोटो निघतो. ३५ लावली तर एफ २.८ मुळे १/३० वर यावं लागलं. मी खांबाला टेकून, श्वास रोखून काढले. तरी तीनपैकी दोन हलले. भित्तिचित्रं काढायची असतील तर आधी विचारा, आणि फ्लॅश नकोच.

घाटावरच्या छोट्या देवळीत वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलीय. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ साल. इथे माझी हौस नडली. ५० ने मीटरभर अंतरावरून ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडून फोटो काढला. त्या अंतरावर जेमतेम चार सेंटिमीटर शार्प राहतं आणि घंटा तर गोल! मेरी स्पष्ट, कडा सगळ्या पुसट. एफ ५.६ वर आणलं असतं तर काम झालं असतं. उजेडही होता, अक्कल नव्हती.

पहिली लेन्स घेणाऱ्याला मी तरी ५० एफ १.८ च सांगेन. जुन्या बाजारात ती सहज मिळते, हलकी असते, माणसांचे चेहरे वाकडे करत नाही. एफ १.४ साठी जास्तीचे पैसे टाकू नका, फरक स्टॉपच्या दोन तृतीयांशाएवढाच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). पण तुमचं वेड वाडे आणि बोळ असेल तर मुकाट्याने ३५ घ्या. घेताना मागून टॉर्च मारून आतून बघा: आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी हमखास धरते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलेलं असेल तरी परत करा.

आणि रोल दोन न्या. मी एकच नेला होता. चारच्या सुमाराला ३६ फ्रेम संपल्या. मग ऊन कललं, अर्धचंद्राकार पायऱ्यांवर कपडे वाळत पडले होते, एक आजी ते गोळा करत वर चढत होत्या, आणि मी रिकामा कॅमेरा गळ्यात घालून बघत बसलो.