धामापूरच्या तळ्यावर अख्खा दिवस

मालवणला निघालेल्या बहुतेक गाड्या धामापूरला वीसेक मिनिटं थांबतात. उतरायचं, देवीला नमस्कार, पायऱ्यांवर फोटो, की परत गाडीत. पुढे किल्ला आणि स्कुबा वाट बघत असतात. मीसुद्धा आजवर तीनदा हे तळं असंच 'बघितलं' होतं. या डिसेंबरात कुडाळला आत्याकडे होते, एक दिवस मोकळा मिळाला, आणि आत्याच म्हणाली, "चल गो, माका पण भगवतीक जावचा आसा." मग गाडीवाल्या भावाची वाट न बघता आम्ही दोघी एसटीने निघालो.

धामापूर हे कुडाळ आणि मालवण यांच्या साधारण मधोमध. मुंबईहून येणाऱ्यांनी कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरावं आणि स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड गाठावा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: पाटीवर नुसतं 'मालवण' वाचून गाडीत चढू नका. मालवणला जायला दुसऱ्या वाटाही आहेत. गाडी नेरूरपार, धामापूर, चौके अशी जाते का, हे कंडक्टरला विचारूनच बसा. डावी-उजवी खिडकी कुठलीही चालेल, पण नेरूरपारच्या पुलावर मोबाइल खाली ठेवा. कर्ली नदी तिथे रुंद आणि संथ आहे, दोन्ही काठांना माड, आणि सकाळचं धुकं अजून पाण्यावरून उठलेलं नसतं. पूल ओलांडला की काळसे, आणि मग धामापूर.

तळं रस्त्यालगतच आहे, त्यामुळे उतरल्या उतरल्या थोडी निराशा होते. एवढं जवळ? पण भगवतीच्या देवळापाशी जाऊन पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसलं की रस्ता पाठीमागे राहतो आणि समोर फक्त डोंगर उरतात. आंबा, फणस, रातांबा, मधेच भेरली माडाचे लोंबते घोस, आणि हे सगळं उलटं होऊन पाण्यात. आम्ही पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. देवळात पुजेची तयारी, बाकी कोणी नाही.

मी सवयीने चपला काढून पाय पाण्यात सोडायला गेले तर आत्या ओरडलीच. "पाय घालू नको हां, पितत लोक ह्या पाणी!" खरंच आहे. मालवण शहराला पाणी इथून जातं. पोहायचा बेत करून येणाऱ्यांनी तो घरीच ठेवावा. तळं खोल आहे, आणि काठ दिसतो तसा उतरता नाही.

आणि हे तळं निसर्गाने दिलेलंही नाही. 1530 साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून ते बांधलं. दोन डोंगरांमधल्या घळीत मातीचा बांध घातला, 11 मीटर उंच आणि 271 मीटर लांब. सगळे ज्याच्याकडे धावतात त्या सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी 1664 ची, म्हणजे तळं त्याच्याहून 134 वर्षांनी थोरलं. त्याच्या पाण्यावर धामापूर आणि काळशातली शेती-बागायत होत आली. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत ते घेतलं. बांधावरून चालताना एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला खाली माडा-पोफळीच्या बागा दिसल्या, तेव्हा हे आकडे मला पटले. पाटी वाचून पटले नसते.

आत्याला मात्र आकड्यांशी देणंघेणं नाही. तिची गोष्ट वेगळी. पूर्वी गावात गरिबाच्या घरी लगीन निघालं की फुलांचे दागिने करून परडीत मांडायचे आणि परडी तळ्यात सोडायची. ती बुडायची आणि वर यायची ती सोन्याचे दागिने घेऊन. कार्य उरकलं की दागिने तळ्याला परत. कोणा एकाला मोह झाला, त्याने परत केले नाहीत, आणि परडी वर यायची बंद झाली. अशा गोष्टी महाराष्ट्रातल्या कितीतरी तळ्यांना आहेत, कुठे भांडी मिळतात, इथे दागिने. मी विचारलं, तो माणूस कोण? आत्या म्हणाली, "माका म्हायत आसा, पण सांगूचंय नाय."

नऊ ते अकरा हा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. खंड्या, पाणकावळे, बगळे हे तर असतातच. दुर्बीण नेली होती म्हणून पलीकडच्या झाडीतली धनेशाची जोडी दिसली. आधी पंखांचा फडफडाट ऐकू आला, वाटलं कोणी झावळ्या ओढतंय. फार आत जंगलात शिरायला जाऊ नका. पायवाटा फसव्या आहेत, पानांच्या थरात साप दिसत नाहीत, आणि बऱ्याच वाटा शेवटी कोणाच्या तरी बागेत जातात. बसून जास्त दिसतं.

साडेअकराला पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या. स्पीकर, भेळेचे कागद, 'ए इकडे बघ'. बोटिंग असतं, पण त्या दिवशी आम्ही केलं नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही. तो दीड-दोन तासांचा गोंधळ आम्ही सावलीत जेवून काढला. आत्याने घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ बांधून आणली होती, आणि ते बरंच झालं. तळ्यावर पोटभर जेवण मिळेल अशा भरवशावर येऊ नका. डबा आणा, उष्टंखरकटं पिशवीत बांधून परत न्या. दुपारी दोननंतर पुन्हा शांतता झाली, ऊन कललं आणि पाण्याचा रंग हिरव्यावरून जवळजवळ काळ्यावर गेला.

स्वतःची गाडी असेल तर हीच दुपार वालावलला काढता येईल. नेरूरपारच्या पुलाकडून मागे वळून जायचं. तिथे लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागूनच तळं आहे. देवळाच्या खांबांवरचं कोरीवकाम सावकाश बघण्यासारखं. एसटीने दोन्ही एका दिवसात करायला जाल तर दोन्हीकडे घड्याळच बघाल.

दिवस कुठले निवडावेत? ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसात तळं तुडुंब आणि हिरवाई अशी की डोळे निवतात, पण जांभ्या दगडावर शेवाळ धरतं आणि पाऊल टिकत नाही. आत्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांना घेऊन तर नकोच. मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं, घाम निथळतो, मात्र रातांबे पिकलेले असतात. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळा. पांढरे कपडे घालू नका, लाल माती धुऊन जात नाही.

परतीची गाडी आमची चुकली, आणि ती पूर्णपणे माझ्यामुळे. स्टँडवर वेळा विचारून लिहून घेतल्या होत्या, कागद पर्समध्ये, आणि मी पायऱ्यांवर 'अजून पाचच मिनिटं' करत बसले. तुम्ही कागद आत्याकडे द्या. रस्त्यावर आलो तर एसटीचा मागचा भाग वळणावर दिसेनासा होत होता. मग पाऊण तासाने मालवणकडून मासे पोचवून रिकामा परतणारा एक टेम्पोवाला थांबला. आत्याने त्याला गाव विचारलं, मग आडनाव, मग आईचं माहेर, आणि नेरूर येईपर्यंत तो आमचा लांबचा भाचा निघाला. पैसे घेईना. घरी आल्यावर मात्र दोघींच्या साड्या-ओढण्यांना बांगड्याचा वास, आणि आत्याने मला अंगणातच उभं करून पहिलं बंबात लाकूड घातलं.