ग्रीसचा व्हिसा, तीन शब्दांचं नाव आणि अथेन्सचे दोन बसस्टँड

व्हिसा केंद्राच्या काउंटरवर बसलेला माणूस व्हिसा देत नाही, हे आधी पाठ करून घ्या आणि मगच रांगेत उभे राहा. तो यादी पडताळतो, फोटो आणि बोटांचे ठसे घेतो, पैसे घेतो आणि पाकीट पुढे पाठवतो. निर्णय वकिलातीत होतो. तरीही वसंतातल्या या छोट्या सहलीच्या तयारीत माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवलं ते त्याच काउंटरनं, आणि तेही नावावरून.

आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र बसतं, आडनाव वेगळं. बँक आडनाव आधी छापते. हॉटेल बुकिंगच्या ॲपला मधलं नाव माहीतच नसतं. विमा कंपनी मधल्या नावाचं एकच अक्षर ठेवते. बाई एकच, पण कागदोपत्री चौघी. त्यावर काउंटरचं उत्तर ठरलेलं: “मॅडम, नाव मॅच होत नाहीये. ॲफिडेव्हिट करून आणा.” कागदपत्रांच्या छापील यादीत ॲफिडेव्हिट कुठेच नव्हतं. यादी पुढे केली, तर “ते बरोबर आहे, पण आणलेलं बरं.”

आणलेलं बरं! या दोन शब्दांवर किती नोटरींची घरं चालत असतील कोण जाणे.

यातून मार्ग असा निघतो. विम्याचं नाव दुरुस्त करून घ्याच, कारण तो कागद खरोखर महत्त्वाचा आहे: किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, आजारपणात मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून, सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, चालणारं. हॉटेलला बुकिंगच्या मेसेजमधूनच लिहा की पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव घालून पुष्टी पाठवा. ग्रीसमधली छोटी हॉटेलं हे विनातक्रार करतात. बँकेचं नाव बदलायच्या भानगडीत पडू नका, स्टेटमेंटवर शाखेचा शिक्का आणि सही घ्या. नेटवरून काढलेली नुसती प्रिंट काउंटरवर हमखास अडते. आणि कव्हर लेटरमध्ये एक ओळ टाका की या सर्व कागदांवरची व्यक्ती मीच, मधलं नाव वडिलांचं. ही एक ओळ ॲफिडेव्हिटपेक्षा जास्त उपयोगी पडली, कारण फाइल वाचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. यादीतला कागद खरोखर कमी असेल तर तसं तुमच्याकडून लिहून घेऊन अर्ज स्वीकारतात. यादीबाहेरच्या कागदासाठी घरी परत जायचं काहीच कारण नाही.

दुसरा प्रश्न: “एकट्याच?” आणि लगेच, “मिस्टरांचं एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र?” सज्ञान बाईला कुणाचीही एनओसी लागत नाही. लागते ती नोकरी करत असाल तर ऑफिसची: रजा मंजूर आहे आणि अमुक तारखेला कामावर रुजू होणार, असं लेटरहेडवर लिहिलेली. शांतपणे तीच पुढे सरकवा. वाद घातलात तर मागच्या रांगेचेच शाप लागतात.

तिसरी अडचण तारखांची. मुंबईहून विमान ९ तारखेच्या रात्री सुटतं आणि माणूस ग्रीसमध्ये उतरतो १० तारखेला. अर्जात विचारलेली तारीख शेंगेनमध्ये पाऊल ठेवण्याची, म्हणजे १०. विमा मात्र ९ पासून घ्या, नाहीतर “प्रवास ९ ला सुरू, विमा १० ला” यावरून नवा खल सुरू होतो. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मुक्कामात मोजले जातात. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर पुढची तारीख धरा. व्हिसा हातात आला की त्यावरचे मुक्कामाचे दिवस आणि वैधता या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचा. वैधता थोडी जास्त मिळते, म्हणून मुक्काम वाढवता येत नाही.

बाकीचं नियमात लिहिलेलंच आहे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी. फी ९० युरो, केंद्राचा सेवा आकार वेगळा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, दोन कोरी पानं हवीत. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लागू शकतात. अडचण पुढेच आहे: एप्रिलमध्ये जायचं तर अपॉइंटमेंट जानेवारीत पकडा. फेब्रुवारी उजाडला की मे महिन्याच्या सुट्टीवाल्यांची झुंबड उडते, आणि अख्खं कॅलेंडर राखाडी दिसायला लागतं. विमानाचं तिकीट व्हिसा येईपर्यंत रद्द करता येईल असंच घ्या.

आणि या सगळ्याच्या आधी ग्रीसचं कॅलेंडर बघा, कारण अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो आणि तारखा तिथेच गोठतात. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेला गुड फ्रायडे ग्रीसच्या कामाचा नाही. तिथे ऑर्थोडॉक्स ईस्टर पाळतात. २०२६ मध्ये आपल्याकडचा गुड फ्रायडे ३ एप्रिलला, त्यांचा १० एप्रिलला. २०२७ मध्ये फरक आणखी मोठा: पाश्चात्त्य ईस्टर २८ मार्चला आणि ग्रीक ईस्टर २ मेला. ईस्टरच्या रविवारी पुरातत्त्व स्थळं बंद असतात, त्याआधीच्या गुड फ्रायडेला दुपारी उघडतात. २५ मार्चला राष्ट्रीय सण, बंद. १ मेला कामगार दिन, बंद. ही मे दिनाची सुट्टी ईस्टरच्या आठवड्यात आली तर सरकार ती पुढे ढकलतं. २०२४ मध्ये ती ७ मेला गेली होती. छोट्या सहलीत असे दोन दिवस गेले की उरतं काय? उलट १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, सरकारी स्थळांवर प्रवेश फुकट असतो. पैसे वाचतात, गर्दी वाढते; मी तो दिवस प्राचीन मंदिरांच्या डेल्फीसारख्या लांबच्या जागेला ठेवीन, अथेन्सच्या टेकडीवरच्या ॲक्रोपोलिसला कधीच नाही.

१ एप्रिलपासून मोठ्या स्थळांचं उन्हाळी वेळापत्रक लागतं. मार्चच्या शेवटी गेलात तर बऱ्याच जागा दुपारी साडेतीनलाच बंद होतात आणि बसनं पोचेपर्यंत दार लागायची वेळ येते. म्हणून वसंत म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा ते मेचा मध्य असं धरा.

ॲक्रोपोलिसचं तिकीट तासाच्या स्लॉटनं मिळतं. सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. एप्रिल २०२५ पासून तिकीट ३० युरो झालं आणि अथेन्सच्या बाकीच्या स्थळांना धरून असलेलं एकत्रित तिकीट बंद झालं, त्यामुळे जुन्या सल्ल्यांवर विसंबून ‘एकाच तिकिटात अगोरा (प्राचीन बाजारचौक) पण होईल’ असा हिशेब करू नका. सकाळी आठचा स्लॉट घ्या आणि दक्षिण उताराच्या, म्हणजे डायोनिससच्या थिएटरकडच्या दारानं चढा. मुख्य दाराशी गटांची रांग लागते. तिकीट सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या, शोधलं की वर दिसणारी महागडी दुकानं सोडून. ॲक्रोपोलिस म्युझियमचं तिकीट वेगळं, तिथलं व्यवस्थापनच वेगळं आहे.

बुटांचं आत्ताच सांगते, नंतर राहील. तिथला संगमरवर लाखो पावलांनी घासून काचेसारखा झाला आहे, आणि एप्रिलची सर येऊन गेली की धुतलेल्या फरशीवर साबण सांडल्यागत पाय सटकतो. रबरी, खाचांचा तळ हवा. उंच टाचांच्या चपलांना तर परवानगीच नाही.

आता बस. जिल्ह्याजिल्ह्यांत धावणाऱ्या बसला तिथे क्तेल म्हणतात आणि अथेन्समध्ये त्यांचे दोन मोठे स्टँड आहेत: नाफ्प्लिओ या समुद्रकाठच्या गावाकडे जायला किफिसोस, डेल्फीला जायला लिओसिऑन. दोन्हींपर्यंत मेट्रो पोचत नाही. नाफ्प्लिओहून थेट डेल्फीला जायचा बेत म्हणजे एका स्टँडवर उतरून सामानासकट दुसरा गाठणं. मध्ये अथेन्सला रात्र टाका. विमानतळावरून थेट पुढे जायचं असेल तर एक्स ९३ बस या दोन्ही स्टँडवर जाते. शहरात मेट्रोनं येऊन उलटं बाहेर जायची गरज नाही.

आठवड्याच्या सहलीत मी असं बसवेन: अथेन्स दोन रात्री, नाफ्प्लिओ दोन, मध्ये अथेन्स एक, डेल्फी एक, शेवटची पुन्हा अथेन्स. ऑलिंपियाचा मोह सोडा, तिथे पिर्गोसमार्गे जाण्यातच दिवस जातो. डेल्फीला रात्र राहायचं कारण एकच: अथेन्सहून निघालेल्या पर्यटक गाड्या तीनेक तासांनी पोचतात. सकाळी दार उघडताच वर चढलात तर स्टेडियमपर्यंतची पायवाट जवळजवळ रिकामी मिळते. अथीनाच्या देवस्थानातलं गोल बांधकाम, तीन खांब पुन्हा उभे केलेलं, ते मुख्य आवाराबाहेर रस्त्यानं खाली आहे. बरेच जण ते न बघताच बसमध्ये चढतात.

नाफ्प्लिओहून एपिडॉरसच्या प्राचीन थिएटरला जायचं बसचं तिकीट काढताना ‘अस्क्लिपिओ’ म्हणा, म्हणजे आरोग्यदेव अस्क्लेपिअसचं देवस्थान. नुसतं ‘एपिडावरोस’ म्हटलं की समुद्रकाठच्या पालेआ एपिडावरोस गावी उतरायची वेळ येते, आणि थिएटर बरंच आत राहतं. थिएटर इसवीसनपूर्व चौथ्या शतकातलं, ५५ रांगांचं. खाली मध्यभागी नाणी पाडून आवाज ऐकणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसा. ऐकण्याची जागा तीच आहे.

मायसीनी या प्राचीन किल्ल्याला नाफ्प्लिओहून दिवसाला मोजक्याच बस, रविवारी त्याहून कमी. उतरतानाच ड्रायव्हरला परतीची वेळ विचारा. अथेन्स–नाफ्प्लिओ बस फिख्तीच्या फाट्यावर सोडते खरी, पण तिथून स्थळ तीन-चार किलोमीटर चढावर आहे आणि सावली नाही. तिकीट फेकू नका: एट्रियसचा खजिना म्हणतात ती घुमटाची कबर मुख्य दाराच्या अलीकडे रस्त्यावर आहे आणि तेच तिकीट तिथे चालतं. आत गेल्यावर आधी वर बघा. ३३ थर, प्रत्येक खालच्यापेक्षा किंचित आत सरकवलेला, आणि आतून सलग वक्र होईल असा तासलेला. कमान नाही, चुना नाही. दाराच्या डोक्यावरच्या आतल्या शिळेचं वजन १२० टनांच्या आसपास, आणि तिच्यावर त्रिकोणी पोकळी ठेवली आहे, म्हणजे वरचा भार तिच्यावर न येता बाजूंना उतरतो. किल्ल्याच्या मुख्य प्रवेशात, सिंहद्वारात, हाच त्रिकोण सिंहांच्या शिल्पानं झाकला आहे. खजिना आधी बघितला तर सिंहद्वार नीट कळतं. किल्ल्यातल्या भुयारी टाक्याच्या पायऱ्या उतरता आल्या तर टॉर्च लागतो, मोबाइलचा पुरतो.

आणि पहिल्या दिवसाबद्दल: ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झाली आहे. व्हिसासाठी ठसे दिलेले असले तरी विमानतळावर पुन्हा फोटो काढून नोंद करतात. त्यामुळे उतरण्याच्या दिवशी नाफ्प्लिओची बस धरायचा हट्ट नको. धरायचीच असेल तर शेवटची सोडून तिच्या आधीचीही एक हाताशी राहील, असं विमान निवडा.