मिठाच्या रणात मुलाबाळांसह

कोकणातल्या शिरोड्याच्या माणसाने मीठ पाहण्यासाठी कच्छपर्यंत जावे, याची आमच्या घरात बरीच थट्टा झाली. ज्या गावाच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या, त्या गावच्या मुलांना मिठाचे काय अप्रूप असणार? तरीही धोरडोजवळच्या पांढऱ्या रणात पोहोचल्यावर सासूबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "एवढा मीठ कोणी पिकवल्यान?", आणि त्या प्रश्नाचे उत्तर देताना मलाही हा प्रदेश प्रथमच नीट उमगला.

आमच्याकडे खाडीचे पाणी बांध घालून अडवावे लागते, वाफ्यावाफ्यांतून फिरवून उन्हात आटवावे लागते आणि पावसाआधी मीठ गोळा करून शाकारावे लागते. धोरडोजवळचे हे रण कच्छच्या मोठ्या रणाचा भाग आहे, आणि इथे पसरलेल्या मिठासाठी यांतले काहीच कोणी करत नाही. पावसाळ्यात समुद्राचे पाणी कोरी खाडीच्या बाजूने आत शिरते, त्यात पावसाचे आणि नद्यांचे पाणी मिसळते, आणि ते उथळ सरोवर दिवाळीनंतर हळूहळू आटत जाऊन हिवाळ्यात मिठाचा थर मागे ठेवते. त्यामुळे तिथली हिवाळी गर्दी केवळ हवेवर अवलंबून नसून मागच्या पावसावरही अवलंबून असते. नोव्हेंबरात तिथला रणोत्सव सुरू झाला म्हणून लगबगीने जाणाऱ्यांना पुष्कळदा पांढऱ्या पटांगणाऐवजी चिखल पाहावा लागतो. मुले बरोबर असतील तर डिसेंबरअखेर किंवा जानेवारी बरा. तेव्हाही वरचा थर कुरकुरीत आणि खालची माती ओली असते, त्यामुळे मुले धावू लागली की टाच आत रुतते आणि बूट कायमचे पांढरे होतात. थंडीला मात्र कमी लेखू नये. कच्छमधल्या नलियाचा पारा हिवाळ्यात दहा अंशांखाली उतरतो, आणि आमच्याकडे शालीवर भागणाऱ्या लोकांना तिथे कानटोपीही लागते.

रणोत्सव गुजरात सरकारने २००५ च्या सुमारास सुरू केला. तंबूंची वसाहत, हस्तकलेची दुकाने, उंटगाड्या, रात्रीचे लोकसंगीत असा सगळा थाट असतो, आणि पौर्णिमेच्या रात्री दर चढलेले असतात. आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस देवीच्या कौलाने ठरतो आणि मग चाकरमानी रजेचे अर्ज लिहायला बसतात. इथे तारखा पत्रकात आधीच छापलेल्या. मला हा फरक खटकला, हे लपवत नाही. आमच्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहणारे आणि पहाटे दहीकाला घेणारे बहुतेक गावचेच असतात, तर रणोत्सवात गावचा माणूस प्रामुख्याने गाणारा, विकणारा किंवा उंट हाकणारा असतो. असे असले तरी त्या हंगामाच्या कमाईवर तिथली अनेक घरे वर्ष काढतात, त्यामुळे नाक मुरडण्याचा अधिकार पाहुण्याला नाही.

कुटुंबासह जाणाऱ्यांनी काळो डुंगर चुकवू नये. साधारण ४६२ मीटर उंचीचे हे कच्छमधले सर्वांत उंच ठिकाण असून माथ्यावर दत्ताचे देऊळ आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आसपास गेले तर कोकणातल्या आजी-आजोबांचाही प्रवासाला सहज होकार मिळतो. तिथे भाताचा प्रसाद कोल्ह्यांसाठी ओट्यावर ठेवण्याची जुनी प्रथा आहे. घरी क्षणभर गप्प न बसणारी आमची मुले कठड्याला टेकून कोल्ह्यांची वाट पाहत राहिली. रात्री कोल्हेकुई ऐकून पांघरूण ओढून घेणाऱ्यांसाठी हे नवलच होते.

मुक्कामासाठी मी बन्नी या गवताळ प्रदेशातल्या होडकोसारख्या गावातले भुंगे सुचवीन. भुंगा म्हणजे गोल मातीचे घर, वर शंकूच्या आकाराचे गवती छप्पर. २००१ च्या भूकंपात ही घरे बरीच तगली, याचे मोठे श्रेय त्या गोल आकाराला दिले जाते. आतल्या भिंतीवर बायकांनी बोटांनी उमटवलेली मातीची नक्षी असते आणि तिच्यात आरशांचे बारीक तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे एक दिवा लावला तरी खोली उजळते. सकाळी बाजरीचा रोटला, लोणी, गूळ आणि ताक मिळते. बन्नीची म्हैस रात्री चरायला जाते आणि पहाटे आपणहून परतते. मुलांना उंटसवारीपेक्षा हे अधिक आवडले. कच्छच्या किनाऱ्यावर खाराई नावाचे उंट पोहत जाऊन कांदळवनाचा पाला खातात, हे ऐकून तर त्यांनी आमच्या खाडीतही उंट ठेवण्याचा हट्ट धरला.

कच्छचे छोटे रण धोरडोपासून बरेच दूर आहे, आणि लोक तिथे रानगाढवे पाहायला जातात. मी मात्र तिथे मिठासाठी जाण्याचा आग्रह धरीन. पावसाळा संपला की मीठ पिकवणारी आगरिया कुटुंबे मुलाबाळांसह रणात राहायला येतात, जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाफ्यांत सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत मोठ्या स्फटिकांचे मीठ तयार करतात. त्यांचा हिवाळा सहलीचा नसतो. पूर्वी पंपाच्या डिझेलवर कमाईचा मोठा भाग खर्च होत असे, आता अनेकांनी सौरपंप बसवले आहेत. बांध कसा घालायचा, मीठ कधी ओढायचे, अवकाळी पाऊस आला तर काय करायचे, या विषयांवर शिरोड्याच्या माणसाला त्यांच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीतही तासभर बोलता येते.