आग्वा दे तामारिंदो: चिंचेच्या मेक्सिकन सरबताच्या आमच्या कृतीची सध्याची स्थिती

मेक्सिकोत टाकोच्या दुकानात आणि बाजारात 'वित्रोलेरो' नावाच्या मोठ्या काचेच्या बरण्या मांडलेल्या असतात. त्यात पांढरी ओर्चाता (तांदळाचं सरबत), लालभडक हामाइका (लाल अंबाडीच्या फुलांचं) आणि तपकिरी तामारिंदो (चिंचेचं) हे तिघे बहुधा असतातच. तामारिंदो म्हणजे चिंच, पाणी आणि साखर, बस. जिरं नाही, सैंधव नाही, पुदिना नाही. घटक इतके कमी असल्यामुळे चूक लपवायला जागाच राहत नाही.

दोन लिटरसाठी सध्या पक्कं झालेलं प्रमाण: टरफलासकट पिकलेली चिंच 250 ग्रॅम, साखर 160 ग्रॅम. चिंच फार आंबट निघाली तर साखर 180 पर्यंत, त्यापुढे नाही.

टरफल आणि देठापासून निघणाऱ्या शिरा आधी काढायच्या. शिरा राहिल्या तर गाळताना चाळणी तुंबते. चिंच एक लिटर पाण्यात घालून उकळी आली की आच मंद करायची आणि दहा मिनिटांत गॅस बंद. मग झाकून अर्धा तास तशीच. इथे घाई केली की गर चिंचोक्याला चिकटून राहतो, आणि मग लोक तो मिक्सरला लावतात. चिंचोक्यासकट मिक्सर फिरवला की खेळ संपला. चिंचोक्याच्या तपकिरी सालीत टॅनिन असतं, ते पाण्यात उतरतं, घसा धरतो आणि कितीही साखर घातली तरी तो तुरटपणा जात नाही. जास्त वेळ खळखळ उकळल्यावरही थोड्या प्रमाणात हेच होतं.

म्हणून हातानेच कोळायचं. चिंचोका बोटांत घेऊन दाबला की गर सुटतो आणि चिंचोका गुळगुळीत, चकचकीत बाहेर येतो. तसा झाला की टाकायचा. कोळ स्टीलच्या बारीक चाळणीतून गाळा, चोथ्यावर पाव लिटर कोमट पाणी घालून पुन्हा चोळा आणि गाळा. या दुसऱ्या पाण्यात बराच स्वाद असतो, ते टाकू नका. मलमलीचं कापड मात्र नको: सरबत नितळ होतं, पण अंगच जातं. तळाला साका बसणं हा दोष नव्हे. ओतण्याआधी डावाने तळापासून ढवळायचं, एवढंच.

साखर कोमट कोळातच विरघळवा, मग गार पाणी घालून दोन लिटर करा. गार झाल्यावर गोडी कमी जाणवते, त्यामुळे गरम कोळ चाखून साखर ठरवू नका. ग्लासात बर्फ पडणार असेल तर पाणी 200 मिली कमी.

साखरेऐवजी गूळ चालेल का, हा प्रश्न वारंवार येतो. तिकडे पिलोन्सीयो नावाची उसाच्या रसाची ढेप असते आणि काही जण ती वापरतातही. पण आपला गूळ घातला की चव थेट भेळेच्या चटणीकडे वळते. पांढरी साखरच बरी.

आपल्याकडे सर्वांत जास्त नडते ती चिंच. वर्षभरासाठी भरून ठेवलेल्या चिंचेला बहुधा मीठ लावलेलं असतं, आणि ती आमटीला उत्तम असली तरी इथे उपयोगाची नाही. मीठ भिजवून निघत नाही, निघालं तर आंबटपणाही सोबत जातो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येणारी नवी, बिनमिठाची चिंच घ्यावी. जुनी काळी पडलेली चिंच चालते, पण रंग गडद येतो आणि ताजी फळाची चव दबते. सोललेली घेतली तर 200 ग्रॅमपासून सुरुवात करा.

भांडं स्टीलचं किंवा इनॅमलचं. ॲल्युमिनियम, तांबं, कल्हई गेलेलं पितळ नको. चिंचेतलं टार्टारिक आम्ल धातू खातं.

काठाला तिखट-मीठ लावायची हौस असेल तर कमी तिखट मिरचीपूड दोन चमचे, मीठ एक चमचा आणि वाळवलेली लिंबाची किसलेली साल. रोजच्या सरबताला त्याची गरज नाही असं आमचं मत.

पाणी वाढवण्याआधीचा साखर घातलेला कोळ फ्रिजमध्ये चार दिवस नीट राहतो. बुडबुडे दिसले किंवा झाकण उघडताना फस्स झालं तर ओतून द्या. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेल्या कोळाच्या वड्यांचं प्रमाण अजून बसायचं आहे: 200 मिली पाण्याला दोन वड्या पातळ लागतात, तीन घातल्या की साखर पुढे येते. पुढची खेप बिनसाखरेच्या वड्यांची.